बोलचष्म्याची तीस दिवसांची मुदत

सोमवार, १२ जानेवारी. सायं. ५.३०

आला एकदाचा. कॉलेजच्या पत्त्यावर मागवला होता, म्हणजे घरी आधीच चौकशी नको. किंमत इथे लिहीत नाही. डायरी बायकोच्या, पंचशीलाच्या हाती पडू शकते.

वस्तू अशी. चष्मा. काळी फ्रेम, उजवी काडी डावीच्या दुप्पट जाड, कारण बॅटरी तिकडे. समोरचा माणूस बोलला की दोन सेकंदांनी त्याचं बोलणं उजव्या काचेवर हिरव्या अक्षरांत उमटतं. मराठीसुद्धा. मराठीपुढे 'बीटा', म्हणजे अजून चाचणीत, असं बारीक लिहिलंय. मी ह्याला बोलचष्मा म्हणणार.

यूट्यूबवर झाडून सगळ्यांनी नावं ठेवलीत. जड आहे, तापतो, चुका करतो, दुसरी आवृत्ती येईपर्यंत थांबा. मी बायोलॉजीचा माणूस. सव्वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवतोय. दुसऱ्याच्या निरीक्षणावर निष्कर्ष काढत नाही. तीस दिवसांत परत करता येतो, म्हणजे ११ फेब्रुवारीपर्यंत. रोज वापरायचा, रोज टिपण काढायचं, मग स्वतः ठरवायचं. शेवटी स्टाफच्या ग्रुपवर निःपक्षपाती परीक्षण टाकायचं.

इथे एक स्पष्ट करून ठेवतो. मला ऐकू कमी येतं हा चैतालीचा गैरसमज आहे. लातूरला औषधाच्या दुकानात नोकरी लागल्यापासून तिला सगळे पेशंटच दिसतात. दर रविवारी फोनवर एकच, "पप्पा, कान तपासून घ्या." मला नीट ऐकू येतं. अंबाजोगाईतली माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागलीत, एवढंच. हा बदल साधारण तीन वर्षांपासूनचा.

मंगळवार, १३ जानेवारी

पहिली चाचणी मायवर. वय ऐंशी. नाव पारूबाई. आवाज खणखणीत असायचा, आता तीही पुटपुटते.

माय दारात उभी राहून काहीतरी बोलली. काचेवर आलं, "जीवन चांगला पुतळा." विचार केला. हातात कप होता तिच्या. म्हणजे "जिवन, चा पितू का." वाक्य चार शब्दांचं, त्यातला 'जीवन' बरोबर. अचूकता पंचवीस टक्के. दोष यंत्राचा नाही. त्याला पुस्तकातली मराठी शिकवली असणार. मायला म्हणालो, जरा प्रमाण भाषेत बोल. ती बराच वेळ बोलली. काच कोरी राहिली.

उजवा कान तापला. जानेवारीत हा फायदाच.

गुरुवार, १५ जानेवारी

स्टाफरूममध्ये सांगितलं, नंबर बदलला, नवीन चष्मा. कुणाला शंका आली नाही.

उपप्राचार्य मोहनराव व्हरांड्यात भेटले. गंभीर चेहऱ्याने बोलले. काचेवर स्वच्छ अक्षरांत, "जीवन सर, तुम्ही रोज हुशार." मी नम्रपणे म्हणालो, "तुमच्या आशीर्वादानं." ते माझ्याकडे बघत राहिले. नम्रता आजकाल कुणाला बघायला मिळत नाही.

अचूकता पंच्याण्णव टक्के. प्रमाण भाषेला यंत्र चांगलं चालतं, हे सिद्ध.

दुपारी ३. शिपाई नोटीस देऊन गेला. रोज उशिरा येण्याबद्दल लेखी खुलासा. मोहनरावांच्या सहीने. माणूस समोर कौतुक करतो आणि मागून नोटीस काढतो.

रविवार, १८ जानेवारी. दुपारी १२

विहारातून वंदना करून आलो. चष्मा लावून पेपर वाचत होतो. पंचशीला आणि माय स्वयंपाकघरात. पंचशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिसरीचा वर्ग, दिवसभर घसा फोडून बोलते. घरात मात्र अगदी हळू. मी दहा फुटांवर. काचेवर त्यांचं बोलणं यायला लागलं. मुद्दाम वाचलं नाही. डोळ्यांसमोरच येतं, त्याला काय करणार.

"यांच्याशी बोलणं सोडलंय मी."

"कावून?"

"काही सांगा, हो म्हणतात. ऐकलेलं नसतं."

ह्या तीन ओळी मी चूक म्हणून नोंदवल्या. यंत्र स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजाने गोंधळतं. फक्त 'कावून', म्हणजे 'का', बरोबर आलं, आणि मायची भाषा तर त्याला येत नाही, हे मंगळवारीच ठरलंय. म्हणजे तेही चुकूनच.

मग पंचशीला बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहून बोलली. "सात तारखेला विहारात माझं खाणं आहे." सात तारीख म्हणजे रमाई जयंती. त्या दिवशी भोजन असतंच. म्हणालो, "हो हो, उत्तम." ती थांबली. चेहऱ्यावर जरा हसू. पुढे विचारलं, "पहिल्या रात्री बसाल?" अर्थ लागला नाही. म्हणालो, "हो, हो."

'हो' ह्या शब्दाबद्दल. मी तो विचारपूर्वक वापरतो. 'काय?' म्हटलं की तेवढं लातूरला कळवलं जातं. 'पुन्हा सांग' म्हटलं की माय कपाळावर हात मारते. 'हो' म्हटलं की समोरचा पुढे जातो. गेल्या तीन वर्षांत ह्या शब्दाने फार नुकसान केलेलं नाही. गेल्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकाचं संपादन अंगावर आलं, त्याआधी वृक्षारोपण समिती. आणि दिवाळीत मावसभावाच्या घरी आठ दिवस जायचं कबूल करून बसलो होतो, ते सामान बांधताना कळलं. तेवढंच.

बुधवार, २८ जानेवारी. रात्री ८

बारावीच्या प्रॅक्टिकलला वडवणीला बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलतो. धारूर, तेलगाव करत एसटीने साडेतीन तास. चष्मा बॅगेत चार्जिंगला. तोंडी परीक्षेत त्याची खरी कसोटी लागणार होती. मागची दोन वर्षं तोंडीत मी सगळ्यांना सरसकट चांगले मार्क देत आलो. ते माझं धोरण होतं. ह्या वर्षी मात्र उत्तर वाचून मार्क देणार असा निश्चय.

तिथले परीक्षक बिभीषण सर. हसतमुख माणूस, मिशीमुळे ओठ दिसत नाहीत.

पहिल्या मुलाला विचारलं, पाणी वर कोण नेतं? काचेवर आलं, "जाईल म." झायलम. बरोबर. दुसऱ्याने 'कलर फील' म्हटलं, क्लोरोफिल समजून घेतलं. मी आणि यंत्र आता एकमेकांना ओळखायला लागलो होतो. अकरा मुलं झाली. आत्मविश्वास वाढला.

बारावी मुलगी, मोहिनी नाव. बारीक चणीची, कपाळावर घाम. काचेवर, "सर माझा नंबर येतोय." म्हणालो, "येऊ दे. घाई करायची नाही." पुन्हा तेच. म्हणालो, "बाळा, तुझाच नंबर आहे. पेशीचे भाग सांग." तिसऱ्यांदा काही बोलली, काचेवर यायच्या आत ती स्टुलावरून खाली गेली.

चक्कर. "सर, मला चक्कर येतीय" असं म्हणत होती म्हणे.

बिभीषण सरांनी पोरीला उचलून बाकावर निजवलं, साखरपाणी दिलं. सकाळी सहाच्या गाडीने उपाशी आली होती. दहा मिनिटांत उठून बसली, पेशीचे भागही सांगितले. मी पूर्ण मार्क दिले. बिभीषण सर माझ्या जवळ येऊन मोठ्याने बोलले, ते चष्म्याशिवाय कळलं, "सर, पोरगी तीनदा म्हनली की! तुमी येऊ दे येऊ दे म्हनताव!"

मी म्हणालो, विचारात होतो.

एसटीत परत येताना मुलीचा चेहरा डोळ्यासमोरून जात नव्हता. पण शास्त्रीय दृष्टीने पाहता 'चक्कर' आणि 'नंबर' ह्यांत फरक करण्याइतपत यंत्र अजून तयार झालेलं नाही, हा ह्यातून मिळालेला उपयुक्त निष्कर्ष आहे. उद्या चष्मा न लावता जाईन.

गुरुवार, २९ जानेवारी

चष्मा न लावता गेलो. सरसकट धोरण.

रविवार, १ फेब्रुवारी

परीक्षणाचा कच्चा आराखडा करायला बसलो.

चांगलं: एकांतात बसून रेडिओ ऐकायला उत्तम. बातम्या तंतोतंत उमटतात. वाईट: बॅटरी दोन तास. नाकावर खड्डा. दोघं एकदम बोलली की दोघांची वाक्यं एकात एक. उशिरा उमटतं, त्यामुळे विनोदाला मी सगळ्यांनंतर हसतो. परवा श्रद्धांजलीच्या सभेत आधीच्या वाक्याला हसलो.

ठेवावा की परत करावा? परत केला तर मी चुकीची वस्तू घेतली हे कबूल करणं आलं. ठेवला तर का ठेवला ह्याचं कारण द्यावं लागेल, आणि कारण चैतालीला हवं तेच आहे. ह्या पेचातून मार्ग काढायला अजून दहा दिवस आहेत.

चैतालीने ५ तारखेला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतल्याचा मेसेज. कळवलं, पेपर तपासणी आहे. बारावीची लेखी परीक्षा अजून सुरूही झालेली नाही हे तिच्या लक्षात येणार नाही.

माय जवळ येऊन बसली, चष्म्याकडे बोट करून कानाशी ओरडली, "त्यातून काय दिसतं रं?" म्हणालो, "अक्षरं." ती म्हणाली, "मानसाच्या तोंडाकडं बग की मग." मायला तंत्रज्ञान समजावणं अवघड.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो नाही. दिवस चांगला गेला.

शनिवार, ७ फेब्रुवारी. रात्री ९

रमाई जयंती. संकल्प होता की आज यंत्राला शेवटची संधी द्यायची. बॅटरी पूर्ण भरली. पांढरा शर्ट. विहारात गेलो तर पंचशीलाने माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवलेली. 'पहिल्या रात्री' म्हणजे पहिल्या रांगेत! कोडं सुटलं. यंत्र अगदीच वाईट नाही, फक्त वीस दिवस लागतात.

वंदना झाली. भाषणं झाली. मग महिला मंडळाचा कार्यक्रम, आणि काय बघतो, पंचशीला माईकसमोर! हातात वही. मागे सात-आठ बायका, एकीकडे ढोलकी. म्हणजे खाणं नव्हतं, गाणं होतं. स्वतः रचलेलं. मला अभिमान वाटला. सांगितलं का नाही आधी? म्हणजे सांगितलं होतं.

मी चष्मा सरळ केला. ती गायला लागली. काचेवर आलं, "संगीत".

थांबलो. पुन्हा, "संगीत". गाण्याचे शब्द यंत्राला वाचता येत नाहीत, असं सूचनापुस्तिकेत असावं. कानाला ढोलकी लागत होती, आवाज तिचाच आहे एवढं कळत होतं, शब्द मात्र सगळे पाण्याखाली. मग काचेवर "हशा". सगळे हसत होते, मीही हसलो. बायका मागून एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे हात करत होत्या. सन्मान समजून मी मान हलवायला लागलो. मी मान हलवली की आणखी मोठा हशा. "हशा. टाळ्या. हशा." माझ्या दाद देण्याने कार्यक्रम रंगत होता ह्यात शंका नाही.

शेवटच्या कडव्याला ढोलकी थांबली. पंचशीला माझ्याकडे बघून गायली. एक ओळ, मग गप्प. मागच्या बायकाही गप्प. सगळा विहार माझ्याकडे बघतोय. काच कोरी. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग सावकाश, मनापासून मान हलवली आणि म्हणालो, "हो."

कुणी हसलं नाही. टाळ्याही उशिरा पडल्या. गाणं मनाला भिडलं की असंच होतं.

घरी येताना तिला सांगितलं, गाणं छान होतं. तिने काहीतरी विचारलं. बॅटरी संपली होती. प्रश्न असावा, कारण शेवटी भुवया वर गेल्या. रस्त्यावरच्या दिव्यात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. म्हणालो, "हो." ती थोडा वेळ चालायची थांबली. मग पुढे गेली.

रविवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ११

पंचशीला घरात नाही. निळी बॅगही नाही. मायला विचारलं.

माय म्हणाली, लातूरला गेली, चैतालीकडं. म्हणालो, मला न सांगता? माय म्हणाली, "तुलाच इचारून गेली की. काल वाटंनं. जाऊ का म्हनली, तू हो म्हनलास. मी मागंच हुते."

म्हणालो, ठीक आहे, चार दिवस जाऊन येईल. माय म्हणाली, किती दिवस ते तिनं सांगितलं न्हाई.

मग सहज विचारल्यासारखं केलं, कालचं गाणं तुला कसं वाटलं? माय उठून जवळ आली. चष्मा माझ्या नाकावरून काढला आणि टेबलावर उपडा ठेवला. खुर्ची ओढली, माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलं आणि एकेक ओळ म्हणून दाखवली. मी थांबवलं नाही. ऐकू आलं तसं उतरवून ठेवतो.

माझा जोडीदार गुनाचा, त्याला न्हाई म्हनता येईना,
मीठ सरलं, हो. पीठ सरलं, हो. दळाया मातर जाईना.
हो बाई हो, त्याचं आपलं हो.

लेक बोलली लातूरवरनं, हो. शाळंत मला बक्षीस, हो.
ताप आला मला दोन रोज, हो. बरं वाटतंय आता, हो.
हो बाई हो, त्याचं आपलं हो.

येक दिस मी इचारीन, घर सोडून जाऊ का?

एवढंच. त्यापुढची ओळ तिने लिहिलीच नव्हती, माय म्हणाली. तिथे बायकांनी "सांगा की भाऊजी" म्हणायचं आणि मी हसून "न्हाई" म्हणायचं, असं ठरलं होतं. महिनाभर तालीम चालली होती. मला तीनदा सांगितलं होतं म्हणे. मी हो म्हणालो होतो.

"मला ऐंशी झाली," माय म्हणाली, "मांजर चाललेली ऐकू येती. तुझं काय ते तू बग."

गाण्यात अतिशयोक्ती असते. बक्षीस कसलं, ते मात्र आठवत नाही. ताप कधी आला होता, तेही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

दाळ मी केली. पंचशीलाला फोन करावा असं दोनदा मनात आलं. फोनवर लातूरची माणसं नीट बोलत नाहीत. मेसेज लिहिला, पुसला. लिहिला, पुसला. 'गाणं ऐकलं' असं लिहिणं खोटं ठरेल, 'गाणं कळलं' असं लिहिलं तर विचारेल, कसं?

सबब, तिला आता आराम मिळू द्यावा.

मंगळवार, १० फेब्रुवारी

निर्णय झाला. बोलचष्मा परत. कारणं पूर्णपणे तांत्रिक. माझ्या आयुष्यातल्या ज्या एका ठिकाणी त्याची गरज पडली, तिथे त्याने 'संगीत' लिहिलं. दुसरी आवृत्ती आल्यावर बघू.

ऑनलाइन अर्ज भरला. उद्या शेवटचा दिवस. सकाळी १० ते संध्याकाळी ६ ह्या वेळेत कंपनीचा माणूस घरी येऊन घेऊन जाईल. रजा टाकली. परीक्षणही लिहून तयार ठेवलं, पावणेदोन पानं, पार्सल गेलं की ग्रुपवर टाकणार.

बुधवार, ११ फेब्रुवारी. सायं. ६.१५

सकाळी नऊ वाजल्यापासून हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसलो. चष्मा डब्यात, डबा खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी. दार लोटलेलं, कारण कुत्री आत येतात. माय तीन घरं सोडून मैत्रिणीकडे. जेवायलासुद्धा उठलो नाही, बसल्या जागी भाकरी खाल्ली.

४.४० ला मेसेज. "आमच्या प्रतिनिधीने तीन वेळा बेल वाजवली. दार उघडले नाही. ग्राहक घरी नसल्याने परतीची विनंती रद्द करण्यात येत आहे. मुदत आज संपत आहे."

ग्राहक घरी नाही! ग्राहक बेलपासून सात फुटांवर बसलाय! लगेच तक्रार लिहायला घेतली. मग वाटलं, आधी पुरावा हवा. बेलच बिघडली असणार. बाहेर जाऊन बटण दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. दाबूनच धरलं. बेल बंद आहे हे सिद्ध होत होतं.

तेवढ्यात माय तीन घरांवरून, चपला हातात घेऊन, जवळजवळ पळत आली. तिचं तोंड मोठं उघडलेलं होतं. मी तोंडाकडे बघितलं.

"कोन बेल बडवतंय रं मघापासनं?"

मी बटणावरून बोट काढलं.

तिला खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. फोन घेतला. चैतालीला मेसेज केला, कानाच्या डॉक्टरांची वेळ घे, ह्याच आठवड्यातली. लगेच उत्तर आलं, "घेते. आई इथंच बसलीय, तिच्याशी बोला." आणि पुढच्याच मिनिटाला फोन थरथरला. स्क्रीनवर पंचशीलाचं नाव.

उचलला. डाव्या कानाला लावला, आवाज शेवटपर्यंत वाढवला. पलीकडे काहीतरी होतं, लांबून, पाण्याखालून. प्रश्न होता की सांगणं होतं, कळलं नाही. सवयीने तोंडाशी 'हो' आलं. गिळलं.

म्हणालो, "पंचशीला, मला ऐकू येत नाही गं."

पुन्हा म्हणालो. हळू म्हणालो की ओरडलो, कुणास ठाऊक. मायने मान वळवून बघितलं, म्हणजे ओरडलो असेन.

त्यानंतर पलीकडे शांतता होती. किंवा ती बोलत होती. फोन मी कानाला लावूनच बसलो.